गावंड्यांच्या घरी वायर येते

वसंतराव गावंडे कोणाच्याही घरी गेले की आधी बसत नाहीत. यजमान खुर्ची पुढे करतो, आतून पाण्याचा गडवा येतो, आणि वसंतराव मात्र मान वर करून भिंतीवरची वायर पाहत उभे असतात. बल्बापासून निघालेली वायर बटणाकडे, बटणाकडून चौकटीवरून ओसरीत, ओसरीतून मीटरकडे, अशी तिच्या मागोमाग ते घरभर फिरतात. वाटेत स्वयंपाकघर लागले तर तिथेही जातात. मीटर सापडले म्हणजे, "हं, इथं आहे तं," असे म्हणून परत येतात आणि मग पाणी पितात. पुतण्यासाठी मुलगी पाहायला ते पुसदला गेले होते. मुलगी चहा घेऊन बाहेर आली, तिच्या मागून तिची आई आली, आणि आईच्या मागून फ्रिजच्या वायरीचा माग काढीत वसंतराव आले. तरीही लग्न जमले, हा सर्वस्वी मुलीकडच्यांचा मोठेपणा.

हे गृहस्थ माझे शेजारी आहेत. दिग्रसला तहसील कार्यालयाच्या आवारात माझे टेबल आहे आणि अर्जनवीस म्हणून माझा या तालुक्यात काही एक लौकिक आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले तरी मी लिहिलेला अर्ज त्रुटी काढून परत आल्याचे उदाहरण विरळा. वसंतराव मला 'वकीलसाहेब' म्हणतात. सनदेअभावी ते बरोबर नाही, परंतु वडीलधाऱ्या माणसाची चूक चारचौघांत दुरुस्त करणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून मी ते चालू दिले आहे. मी त्यांना काकाजी म्हणतो.

काकाजींचे सारे आयुष्य कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत गेले. त्या काळी जमिनीखालच्या एका लांब दांड्यावरून निघालेले पट्टे एकेका मशीनला फिरवत असत. मशीन थांबली की पट्ट्याच्या मागे मागे जायचे आणि तो कुठे निसटला ते शोधायचे, हे त्यांचे काम. नोकरी संपली, जुन्या मशिनी भंगारात गेल्या, परंतु मागे मागे जाण्याची सवय राहिली. तिच्यातून त्यांचे एक तत्त्वज्ञानच तयार झाले आहे. ज्याचे दुसरे टोक दिसत नाही त्याला नमस्कार करावा, भरवसा ठेवू नये, असे ते सांगतात. देव, सरकार आणि पुण्याला गेलेले नातेवाईक या सर्वांना त्यांचा नमस्कार असतो.

टीव्हीचा रिमोट त्यांनी पायजम्याच्या नाडीने टीव्हीच्या टेबलाला बांधून ठेवला आहे. त्यात लांबीचा प्रश्न येतो, त्यामुळे चॅनल बदलायला त्यांना खुर्चीवरून उठून टीव्हीपर्यंत जावे लागते. मग रिमोटचा उपयोग काय, असे मी एकदा विचारले. "उपेग नसू द्या," ते म्हणाले, "पण तो कोणाचा तरी आहे, हे त्याले समजते." मोबाइलवर बोलतानाही चार्जरची वायर लावलेली असेल तर ते हळू आवाजात, समाधानाने बोलतात. वायर काढली की ओरडू लागतात.

त्यांचे निदान दरवेळी बरोबर असते, असे मात्र कोणी समजू नये. आमच्या तहसीलच्या आवारात झेरॉक्सच्या दुकानामागे एक वायर लोंबकळत असे. ती कुठेच जात नाही, असे त्यांना आढळून आले. ही मेलेली आहे, असा निकाल देऊन त्यांनी ती ओढून काढली आणि नीट गुंडाळून खिळ्याला अडकवली. ती मेलेली नव्हती. झेरॉक्स मशीन, शेजारचे पानाचे दुकान आणि एका गरोदर बाईच्या दाखल्याची प्रिंट, असे तिन्ही एकदम बंद पडले. लोक अंगावर धावून आले तेव्हा काकाजी शांतपणे म्हणाले, "मंग तिचं टोक लपवून काहून ठेवलं होतं?" माफी मागण्याची त्यांची पद्धत ही अशी आहे.

याच स्वभावापायी त्यांनी आपला एकुलता एक मित्र गमावला. ती हकीकत सांगणे भाग आहे, कारण पुढचे सर्व तिच्यावर उभे आहे.

काकाजींच्या बैठ्या घराच्या भिंतीला भिंत लावून हरसिंग राठोड यांचे दुमजली घर आहे. राठोड मूळचे बंजारा तांड्यावरचे. एसटीत कंडक्टर होते. दिग्रस-पुसद गाडीवर त्यांनी विनातिकीट माणूस कधी बसू दिला नाही, स्वतःच्या साळ्यालाही एकदा अर्ध्या रस्त्यात उतरवला, असे त्यांच्याविषयी सांगतात. या दोघांची दोस्ती गल्लीत प्रसिद्ध होती. संध्याकाळी राठोडांच्या ओट्यावर दोघे बसत आणि कोणत्याही विषयावर भांडत. राठोडांच्या घरात उठबस करून काकाजी त्यांची गोरबोली इतकी शिकले होते की भांडण त्या भाषेतही चालू ठेवता येई. राठोडबाई त्यांना 'भिया' म्हणजे भाऊ म्हणत आणि राखी बांधत.

मग राठोडांच्या धाकट्या मुलीचे लग्न निघाले. हळदीच्या संध्याकाळी मांडवभर रंगीत दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. काकाजी खांद्यावर उपरणे टाकून पाहुण्यांच्या स्वागताला उभे होते. उभ्या उभ्या त्यांना मांडवाच्या कोपऱ्यातून निघालेली एक वायर दिसली. ते तिच्या मागे निघाले. घरामागून, मोरीवरून, भिंतीला लागून ते थेट कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत गेले आणि परत आले. मांडवाच्या मधोमध उभे राहून, व्याही, विहीणबाई आणि सगळा तांडा बसलेला असताना, त्यांनी जाहीर केले, "हरसिंग, ह्या लायटिंगचं टोक तं खांबावर आहे. आकडा टाकेल आहे."

मांडवात वीज खात्याचे एक साहेब पाहुणे म्हणून जेवत होते. त्यांच्या पानात नुकतीच बुंदी पडली होती. इतका वेळ त्यांना काहीच दिसले नव्हते. आता सर्वांसमक्ष ऐकल्यावर त्यांना उठणे प्राप्त झाले. वीजचोरीचा हा आकडा डेकोरेशनवाल्याने परस्पर टाकला होता, राठोडांना त्याची गंधवार्ताही नव्हती, हे नंतर सिद्ध झाले. परंतु आकडा निघाला तो निघालाच, आणि मुलीला उरलेली हळद मोटारसायकलींच्या दिव्यांच्या उजेडात लावण्यात आली. जन्मभर लोकांची तिकिटे तपासलेला माणूस व्याह्यांसमोर मान खाली घालून उभा होता.

त्या दिवशी राठोड एवढेच म्हणाले, "वसंता, कानात सांगतलं असतं तं?"

काकाजी म्हणाले, "कानात सांगतल्यानं टोक बदलते काय?"

तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद झाले. काकाजी बाजारात जाताना राठोडांच्या दारावरून जाणे टाळून मागच्या बोळाने वळसा घालू लागले. कुसुमकाकू, म्हणजे काकाजींच्या पत्नी, वारल्या तेव्हा राठोडांनी येऊन खांदा दिला, नदीवर शेवटपर्यंत थांबले आणि न बोलता घरी गेले. मी खरं बोललो होतो, हे काकाजींचे म्हणणे. ते खरेच असल्यामुळे त्यांना त्यातून मागे येण्याची वाट सापडत नव्हती.

आता मूळ विषयाकडे येतो.

गेल्या पोळ्याच्या सुमारास काकाजी मोरीवर घसरून पडले. कंबर धरली होती, उठता येईना. दूधवाला येईपर्यंत ते तसेच पडून होते. त्यांची मुलगी मंदा नाशिकला असते. ती धावत आली, रडली, रागावली आणि जाताना अट घालून गेली. घरात इंटरनेट घ्यायचे, खोलीत आणि मोरीजवळ कॅमेरे बसवायचे, म्हणजे ती नाशिकहून वडिलांना पाहू शकेल. हे दिवाळीपर्यंत झाले तर ठीक. न झाल्यास दिवाळीनंतर जावई गाडी घेऊन येतील, घराला कुलूप लागेल आणि बाबा नाशिकला राहतील. मलाही तिने बाजूला घेऊन, काका, तुमच्या शब्दाला बाबा मान देतात, असे सांगितले. त्यात अतिशयोक्ती नव्हती.

काकाजींना नाशिकला जायचे नव्हते. "तिथं सातव्या मजल्यावर नेऊन ठेवीन ते मले," ते म्हणाले. "खाली कोण राह्यते, वर कोण राह्यते, तिलेच मालूम नाही. मी कोणासंगं भांडू?" तेव्हा इंटरनेट घेणे एवढाच मार्ग होता. आणि इंटरनेट दोन प्रकारचे असते, वायरीचे आणि बिनवायरीचे, असे समजल्यावर आमच्या गल्लीला महिनाभराचे काम मिळाले.

प्रथम बिनवायरीचे आले. यवतमाळहून सोनटक्के नावाचे एक विक्रेते आले. गळ्यात टाय, हातात पांढरा डबा. हा डबा छतावर टॉवरच्या दिशेने बसवायचा, घरात एक छोटी पेटी ठेवायची, तासाभरात काम पूर्ण, खोदणे नाही, खिळे नाहीत, असे त्यांनी सांगितले. काकाजींनी त्यांना चहा पाजला आणि विचारले, "याचं दुसरं टोक दाखवा."

सोनटक्के म्हणाले, टॉवर हेच दुसरे टोक. काकाजींनी त्यांना टायसकट आपल्या जुन्या स्कूटरवर मागे बसवले आणि आर्णी रस्त्याच्या टॉवरपाशी नेले. काकाजींनी टॉवरला एक प्रदक्षिणा घातली. परत आले तेव्हा सोनटक्के घामाघूम झाले होते आणि काकाजी विचारात पडले होते. मला म्हणाले, "वकीलसाहेब, एक टोक माह्या घरी आहे, एक टोक तिथं आहे. मधलं कोठी आहे?"

सोनटक्क्यांनी माझ्याकडे पाहिले, मी टॉवरच्या दिशेने पाहिले. मग सोनटक्क्यांनी डबा खिडकीत ठेवून चालवून दाखवला, आणि मोबाइलवर मंदाचा चेहरा इतका स्वच्छ आला की तिच्या मागच्या भिंतीवरचे कॅलेंडरही वाचता येत होते. काकाजींनी तिला काय भाजी केली ते विचारले. मग सोनटक्क्यांना, डबा चांगला आहे, पण मी विचार करतो, असे सांगून वाटेला लावले.

नंतर वायरवाला आला. आमच्या भागात बंडू काळे हा टीव्हीची केबल टाकत असे. आता तोच इंटरनेटही टाकतो. त्याची वायर केसाएवढ्या काचेची असते आणि तिच्यातून उजेड धावतो, असे त्याने सांगितले. काकाजींनी अर्थातच दाखव म्हटले. बंडूजवळ लाल दिव्याचे एक पेन होते. वायरीचे भेंडोळे अंगणात उलगडून, एक टोक काकाजींच्या हाती देऊन तो फाटकाशी गेला आणि दुसऱ्या टोकाला ते पेन लावले. काकाजींच्या बोटांत गुंजेएवढा लाल ठिपका पेटला. त्यांनी तो विझू दिला नाही. बंडूला बराच वेळ फाटकाशी तसेच उभे राहावे लागले. "पाहा वकीलसाहेब," ते म्हणाले, "याले म्हणतात कोणीतरी तिकडून धरेल आहे."

येथवर निर्णय सरळ होता. अडचण पुढे आली. बंडूची पेटी कोपऱ्यावरच्या खांबावर आहे, आणि खांब व काकाजींचे घर यांच्यामध्ये राठोडांचे दुमजली घर आहे. वायर राठोडांच्या गच्चीवरूनच आणावी लागणार होती. गच्चीवरून वायर नेल्यावर लोक रागाने कापून टाकतात, असा बंडूचा अनुभव. राठोडांची परवानगी आणा, नाहीतर मी शिडी लावणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले.

मी दोन्ही पक्षांचा साकल्याने विचार केला आणि काकाजींना माझे मत दिले. बिनवायरीचा डबा घ्यावा. कोणाची परवानगी नको, कोणाशी संबंध नको, आणि मंदाची अट आजच्या आज पूर्ण होते. काकाजी म्हणाले, मधलं दिसत नाही. मग मी स्वतः बंडूला बरोबर घेऊन भर उन्हात मोठ्या रस्त्याने फिरलो आणि दुसरा मार्ग काढून दिला. वायर राठोडांचे घर टाळून, मोठ्या रस्त्याच्या खांबांवरून, वळसा घालून काकाजींच्या परसात उतरू शकत होती. वायर जास्त लागणार होती, पण ती आपण घालू, असेही बंडू म्हणाला. इतका निर्दोष तोडगा मी अलीकडे कोणाला काढून दिलेला नव्हता.

काकाजींचा चेहरा पडला. आधी म्हणाले, त्या खांबांवर माकडे बसतात. माकडे राठोडांच्या गच्चीवरही बसतात, हे मी निदर्शनास आणले. मग म्हणाले, त्या रस्त्याने सीझनला कापसाच्या गाड्या जातात, उंच भरलेल्या, वायर ओढून नेतील. बंडू म्हणाला, मी वर बांधतो. मग म्हणाले, वळसा घालून आलेली वायर थकते. उजेड थकत नाही, असे बंडूने सांगितले. त्यावर काकाजी रागावले आणि म्हणाले, "तू मले उजेड शिकवतं काय बे?"

दसरा होऊन गेला. मंदाचे फोन वाढले. जावयांनी रजा टाकल्याचे कळले. मी काकाजींना जरा कठोरपणे विचारले की तुम्हांला इथे राहायचे आहे की नाही. ते रिमोटच्या नाडीशी चाळा करू लागले. मग म्हणाले, "तुम्ही एक काम करा. हरसिंगले एक अर्ज लिवा."

आता हे माझे क्षेत्र होते. मी ताव घेतला आणि समास सोडून लिहिले. 'प्रति, श्री. हरसिंग राठोड, सेवानिवृत्त वाहक. विषय: आपल्या मालकीच्या गच्चीवरून इंटरनेटची वायर नेण्यास ना-हरकत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा आपला लगतचा शेजारी असून…' पुढे चार कलमे घातली. सदर वायरीमुळे आपणांस कोणताही उपद्रव होणार नाही, अर्जदार अथवा त्याचा कोणी प्रतिनिधी आपल्या आवारात प्रवेश करणार नाही, वगैरे. खाली कोर्ट-फीचे तिकीट लावले. सही करण्याआधी काकाजी आवाराच्या कलमावर बोट ठेवून ते पुन्हा पुन्हा वाचत होते. ते मी वयाचे लक्षण समजलो.

अर्ज मी स्वतः घेऊन गेलो. राठोड ओट्यावर बसून दाढी करत होते. तोंड पुसून त्यांनी चष्मा लावला आणि एखाद्या संशयित प्रवाशाचा पास तपासावा तसा तो कागद पुढून आणि मागून पाहिला. पूर्ण वाचला. घडी केली.

"हे वसंतानं पाठवलं?"

मी होकार दिला.

"त्याचं घर कोठी आहे?"

आपल्या भिंतीला लागून, असे मी सांगितले.

"मंग पोस्टानं काहून नाही पाठवलं?" राठोड म्हणाले. त्यांनी घडी माझ्या हातात परत दिली. "इतक्या वर्सानं बोलला, तं तिकीट लावून बोलला. सांगजा त्याले, परवानगी नाही."

माझा अर्ज अर्जदाराच्या दारापासून दहा पावलांवर आणि सकारण उत्तर न देता नामंजूर झाला, हा मला मोठाच धक्का होता. मी काकाजींकडे जाऊन निकाल कळवला. मला वाटले ते खचतील. त्यांनी मला सर्व संभाषण शब्दशः पुन्हा सांगायला लावले. पोस्टाचे वाक्य दोनदा सांगायला लावले.

"आवाज कसा होता?" त्यांनी विचारले.

अर्जाच्या निकालात आवाजाची नोंद घेतली जात नाही, असे मी म्हणालो.

"तुम्ही लिवलं का मी त्याच्या आवारात येणार नाही," काकाजी म्हणाले. "वाचतानी मले ते खटकलं होतं. पण म्हटलं, कायद्याचं असंन." ते उठले. धुतलेला शर्ट घातला, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चला. एकट्यानं पाय उचलत नाही."

मागच्या बोळाने न जाता आम्ही पुढच्या दाराने बाहेर पडलो. मधे भिंतीएवढेच अंतर होते, पण काकाजींना ते चालायला वेळ लागला. दारात राठोडबाई धान्य निवडत होत्या. त्यांनी काकाजींकडे पाहिले, सूप खाली ठेवले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आव भिया, बेस." म्हणजे ये भावा, बस. परंतु राठोडांनी बस म्हटले नव्हते, त्यामुळे काकाजी बसले नाहीत. मीही उभा राहिलो.

राठोड भिंतीकडे पाहत होते. भिंतीवर सोनटक्क्यांनी दाखवला होता तसलाच एक पांढरा डबा होता.

"हे पाह्य," राठोड शेवटी म्हणाले, पण काकाजींकडे न पाहता. "बिनवायरचं आहे. नातू आला का दिवसभर पाह्यते, काही अडत नाही. तू हे काहून नाही घेत? वायरीचा कायले हट्ट धरून राह्यला?"

मी या प्रश्नाचे तांत्रिक अंग समजावून सांगणार होतो. काकाजींनी हाताने मला थांबवले.

"त्याले कोणाले इचारा लागत नाही, हरसिंग," ते म्हणाले. "डबा आणला, लावला, झालं. कोणाच्या घरावरून जा लागत नाही. कोणाच्या दारात या लागत नाही."

राठोडबाई सुपातले धान्य पाहत होत्या.

"मंदा नेऊन राह्यली मले," काकाजी म्हणाले. "दिवाळी झाली का. कुलूप लावीन म्हणते घराले. म्हटलं, जाच्या आधी इचारून पाहू. वायर आली तं आली." मग अगदी हळू, वायर लावलेल्या फोनवर बोलतात त्या आवाजात म्हणाले, "त्या दिशी कानात सांगा लागत होतं. माह्याच्यानं नाही झालं."

राठोडांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. त्यांनी वर छताकडे पाहिले, जणू वायर तिथून जात आहे.

"वायर जाईन," ते म्हणाले. "पण तिले पाह्यनार कोण? माकडं येतात गच्चीवर. माह्या गुडघ्यानं नाही होत रोज रोज वायर पाह्यनं. तुले या लागीन."

"येईन."

"रोज या लागीन."

"रोज येईन."

"बेस मंग," राठोड म्हणाले. "उभा कायले आहे, तिकीट काढ्याचं आहे काय?"

दुसऱ्याच दिवशी बंडूने शिडी लावली. राठोड गच्चीवर उभे राहून त्याला सूचना देत होते आणि काकाजी खालून त्या सूचना खोडून काढत होते. अर्ध्या कामात भांडण इतके वाढले की बंडू शिडीवरच बसून राहिला. वायर आली. कॅमेरे बसले. मंदाने नाशिकहून बाबांना टोपी सरळ करा म्हणून सांगितले, तेव्हा काकाजी कॅमेऱ्याला हात जोडून उभे राहिले. जावयांची रजा रद्द झाली. माझ्या अर्जाचा या निकालात किती वाटा होता, याचा निवाडा मी वाचकांवर सोपवतो. तो नामंजूर झाला नसता तर काकाजी उठलेच नसते, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.

थंडी पडल्यावर एके दिवशी मंदाचा मला फोन आला. आवाजात काळजी होती. "काका, नेट चालू आहे, कॅमेरे चालू आहेत, पण बाबाच दिसत नाहीत. सकाळी पाहिलं तर खुर्ची रिकामी. दुपारी जेवण करताना दिसले, पुन्हा गायब. संध्याकाळी नुसती भिंत दिसते. मी हे पाहायला बसवलं का? कुठे जातात ते?"

मी फोन कानाला तसाच धरून माझ्या गॅलरीत आलो. समोर राठोडांच्या गच्चीवर ऊन होते. दोघे म्हातारे सतरंजीवर बसले होते, मधे उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात होती आणि टरफलांचा ढीग परातीपेक्षा मोठा झाला होता. राठोड काहीतरी ठासून सांगत होते. काकाजी मान हलवून ते साफ नाकारत होते आणि त्यांच्यासाठी शेंगा सोलून ठेवत होते.

बाबा वायरीच्या देखभालीसाठी गेले आहेत, स्थळपाहणी चालू आहे, असे मी मंदाला कळवले. काम वेळखाऊ आहे, असेही सांगितले.

वायर त्यांच्या मागे कठड्यावरून गेली होती. दोघांचीही पाठ तिच्याकडे होती.